दार उघडं होतं, मग माणसं तीच का?

वक्ते आधी ठरलेले नाहीत, नुसतं ऐकायला बसणारं कुणी नाही, जो येईल त्याने काहीतरी सांगायचं किंवा करून दाखवायचं. नव्या माध्यमांभोवती भरणाऱ्या अनेक मेळाव्यांची आज हीच रीत आहे. ती इंटरनेटमुळे आली असा समज आहे, पण तिची मुळं बरीच आधीची आहेत. ती शोधत गेलं की ‘सर्वांसाठी खुलं’ या शब्दांमागे काय काय झाकलं गेलं, तेही दिसू लागतं.

सुरुवात १९६७ साली, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटापासून करावी असं मला वाटतं. मासेमारीवर जगणाऱ्या लोकांच्या छोट्या वस्त्या, त्यात पंथभेदाची दरी. बेट सोडून दुसरीकडे वसावं लागण्याची टांगती तलवार सगळ्यांच्याच डोक्यावर. नॅशनल फिल्म बोर्डचे कॉलिन लो तिथे कॅमेरा घेऊन गेले. मेमोरियल विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडन सोबत होते. एकूण २७ छोटे चित्रपट झाले. ज्याचं बोलणं टिपलं, त्याला ते आधी दाखवायचं आणि त्याला नको असलेला भाग गाळायचा. मग वस्त्यावस्त्यांत पडदा लावून सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचं. शेजारच्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडावर जे बोलवलं नसतं, ते पडद्यावरून त्याच्यापर्यंत पोचलं आणि दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली. पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, बेट वसलेलं राहिलं. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. इथे माध्यमच चालत लोकांच्या दारात गेलं होतं. पुढच्या कित्येक मेळाव्यांत नेमकं हेच राहून गेलं.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक जण जमले आणि होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. फ्रेंच यांच्यासोबत तो सुरू करणारे फ्रेड मूर हे युद्धविरोधी कार्यकर्ते होते, त्यामुळे ज्ञान वाटून घ्यायचं हा तिथला स्वभावच होता. ली फेल्सेनस्टाइन बैठक चालवू लागले तेव्हा तिचे दोन भाग पडले. आधी प्रत्येकाने उठून आपल्याकडे काय आहे, काय हवं आहे ते सांगायचं, मग ज्याला ज्याच्याशी बोलायचं त्याने त्याला गाठायचं. पुढे ‘ॲपल’चे एक संस्थापक झालेले स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपला संगणक याच मंडळींना दाखवला. क्लबात शिरायला कुणालाच मज्जाव नव्हता. तरीही तिथे जमत ते बहुतेक सगळे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे पुरुषच.

पुढे काही वर्षांनी दुसरीकडे एक वेगळा धागा विणला जात होता. संस्थांना सल्ला देणारे अमेरिकी लेखक हॅरिसन ओवेन यांनी वर्षभर खपून एक परिषद भरवली, आणि सगळ्यात उपयोगी काय वाटलं तर लोक म्हणाले, कॉफीची सुट्टी. लायबेरियातल्या बलामा गावात त्यांनी एक चार दिवसांचा सोहळा पाहिला होता. कुठली संयोजन समिती दिसत नव्हती, तरी सगळं सुरळीत पार पडलं होतं. या दोन अनुभवांतून १९८५ साली ‘ओपन स्पेस’ पद्धत आकाराला आली. गोल बसायचं, कोऱ्या भिंतीवर आपला विषय लावायचा, आणि जिथे काही मिळत वा देता येत नसेल तिथून उठून दुसऱ्या गटात जायचं.

२००३ पासून प्रकाशक टिम ओरायली यांच्या कंपनीने ‘फू कॅम्प’ भरवायला सुरुवात केली. तिथेही कार्यक्रम ऐन वेळी ठरे, पण प्रवेश फक्त निमंत्रितांना. संगणकाच्या दुनियेत नमुन्याची नावं म्हणून ‘फू’ आणि ‘बार’ जोडीने वापरतात. त्यावरूनच ऑगस्ट २००५ मध्ये पालो आल्टो इथे कुणालाही येता येईल असा ‘बारकॅम्प’ भरला. कल्पना सुचल्यापासून आठवड्याच्या आत तयारी झाली, सुमारे २०० जण आले. कसं केलं ते सगळं खुलं ठेवल्यामुळे थोड्याच काळात जगभर बारकॅम्प भरू लागले.

इथे एक जुना इशारा आठवायलाच हवा. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांचा अनुभव घेतलेल्या जो फ्रीमन यांनी १९७० मध्येच मांडलं होतं की रचना नसलेला गट असा काही नसतोच. नियम लिहिलेले नसले की ते ठाऊक असणाऱ्या मित्रांच्या कोंडाळ्याच्या हाती सत्ता जाते, आणि नवखा माणूस आपलं काय चुकलं याचा विचार करत परत जातो. ‘या, बोला’ एवढ्याने बोलायला धजतो तो मुळात सवय असलेलाच. मग बारकॅम्पमध्ये काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

२००५ मध्येच लंडनला सेरा ब्लो यांनी ‘गर्ल गीक डिनर’ सुरू केलं आणि नियम उलटा फिरवला. पुरुषांनी यायचं ते एखाद्या स्त्रीचे पाहुणे म्हणून. तंत्रज्ञानात स्त्रियांचा सहभाग वाढावा म्हणून २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘एडा इनिशिएटिव्ह’ या संस्थेने तंत्रज्ञानाच्या परिषदांनी छळाविरुद्धचे नियम लिहून जाहीर करावेत यासाठी पाठपुरावा केला.

त्याच वर्षी विकिपीडियाबद्दलचा एक आकडा गाजला. लिहिणाऱ्यांत स्त्रिया १३ टक्क्यांहूनही कमी होत्या. कोणालाही बदल करता येणाऱ्या ज्ञानकोशाची ही गत. त्याला उत्तर म्हणून १ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या आयबीम कलाकेंद्रात आणि इतर सुमारे ३० ठिकाणी ‘आर्ट प्लस फेमिनिझम’चं पहिलं संपादन शिबिर भरलं. आयबीममध्ये पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी शिकवणारे होते, खाण्याची सोय होती, आणि आई-बाबा लिहीत असताना मुलांना सांभाळायलाही माणसं होती.