सीएमएमआय मूल्यमापन: कोण पात्र, काय कागदपत्रं लागतात आणि प्रक्रिया कशी चालते

सीएमएमआय (कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल इंटिग्रेशन) हे संस्थेची काम करण्याची पद्धत किती पक्की आहे ते पातळ्यांत मोजणारं मॉडेल आहे. निविदेत किंवा ग्राहकाच्या करारात ‘सीएमएमआय पातळी ३ आवश्यक’ अशी ओळ दिसली की बहुतेक संस्थांमध्ये पहिला प्रश्न येतो, अर्ज कुठे करायचा? याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. फॉर्म भरा, फी भरा आणि प्रमाणपत्र घ्या, अशी ही व्यवस्था नाही. इथे संस्थेची कामं प्रत्यक्षात कशी होतात ते प्रशिक्षित पथक तपासतं आणि त्यावरून पातळी ठरवतं. म्हणून ‘अर्ज’ हा या प्रक्रियेतला सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम त्याच्या कित्येक महिने आधी सुरू होतं, आणि ते उशिरा सुरू केलं तर पैसे मोजूनही वेळ विकत घेता येत नाही.

हे मॉडेल आलं कुठून

अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरची कामं वेळेवर आणि ठरलेल्या खर्चात मिळत नव्हती. कंत्राटदार निवडताना त्याची कुवत कशी ओळखायची, हा त्यांचा प्रश्न होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये १९८६ नंतर वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने यावर काम झालं आणि १९९१ मध्ये सीएमएम (कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) हे मॉडेल प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या शाखांची वेगवेगळी मॉडेल्स एकत्र करून २००० मध्ये सीएमएमआय आलं. २०१६ पासून ते ‘इसाका’ या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेकडे आहे. २०१८ मध्ये आवृत्ती २.० आणि २०२३ मध्ये ३.० आली.

मॉडेलची सुरुवात सॉफ्टवेअरमधून झाली असली तरी आता त्याची व्याप्ती मोठी आहे. उत्पादन विकसित करणं, सेवा पुरवणं, पुरवठादार सांभाळणं, मनुष्यबळ, सुरक्षा (सिक्युरिटी), सुरक्षितता (सेफ्टी), डेटा आणि दूरस्थ पद्धतीने चालणारं काम अशी क्षेत्रं आता त्यात आहेत. त्यामुळे यंत्रं बनवणारी, कॉल सेंटर चालवणारी किंवा देखभालीची कंत्राटं घेणारी संस्थाही यात येऊ शकते.

पातळ्यांचा अर्थ

पातळी १ म्हणजे काम होतं, पण ते माणसांच्या धडपडीवर. अनुभवी माणूस सोडून गेला की कामही अडतं. पातळी २ वर प्रत्येक प्रोजेक्टचं नियोजन होतं, अंदाज बांधले जातात, प्रगती तपासली जाते, बदल नोंदवले जातात. पातळी ३ वर ही शिस्त एकेका प्रोजेक्टपुरती राहत नाही. संस्थेची स्वतःची प्रमाण पद्धत असते आणि प्रत्येक प्रोजेक्ट आपल्या गरजेनुसार ती बेतून घेतो. पातळी ४ ला आकडे बोलायला लागतात. कोणती प्रक्रिया साधारण किती वेळ घेते, किती दोष सोडते आणि त्यात चढउतार किती होतो, हे संख्याशास्त्राने माहीत असतं आणि निर्णय त्यावर घेतले जातात. पातळी ५ वर त्याच आकड्यांच्या आधारे सुधारणा केल्या जातात आणि त्यांचा परिणाम मोजला जातो.

वरच्या पातळीत खालच्या सगळ्या पातळ्यांच्या अपेक्षा येतातच. मात्र ३ ची तपासणी करून घेण्यासाठी आधी २ चं रेटिंग हातात असलंच पाहिजे, असा नियम नाही. थेट ३ ला जाता येतं, फक्त २ ची सगळी कामं झालेली असली पाहिजेत.

पात्रता

कोणतीही संस्था, लहान असो वा मोठी, मूल्यमापन करून घेऊ शकते. उलाढालीची किंवा कर्मचारीसंख्येची किमान अट नाही. मग पात्रता ठरते कशावर?

सगळ्यात आधी व्याप्ती ठरवावी लागते. रेटिंग अख्ख्या कंपनीला आपोआप मिळत नाही, ते ‘ऑर्गनायझेशनल युनिट’ला मिळतं. म्हणजे कोणता विभाग, कोणती ठिकाणं आणि कोणत्या प्रकारची कामं तपासणीत आहेत, हे लेखी ठरवायचं. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि नेमका तोच घाईत घेतला जातो. सोपा विभाग निवडून रेटिंग घेतलं आणि नंतर वेगळ्याच विभागाच्या निविदेला ते जोडलं, तर ग्राहक नोंद तपासतो तेव्हा अडचण होते. ज्या कामासाठी रेटिंग हवं आहे, तेच काम व्याप्तीत घ्या.

दुसरी गरज स्पॉन्सरची. संस्थेतल्या अधिकारी व्यक्तीने ही जबाबदारी घ्यावी लागते. वेळ, माणसं, पैसा उपलब्ध करून देणं आणि तपासणीच्या आराखड्यावर सही करणं हे त्यांचं काम. क्वालिटी विभागातल्या कनिष्ठ माणसावर हे सोडून दिलं की अर्ध्यात अडकतं, कारण प्रोजेक्ट मॅनेजर त्यांचं ऐकायला बांधील नसतात. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘गव्हर्नन्स’ हा स्वतंत्र भाग आहे. वरिष्ठ नेतृत्व प्रक्रियांमध्ये प्रत्यक्ष किती लक्ष घालतं, हेच त्यात पाहिलं जातं. म्हणजे साहेबांचा सहभाग हा तपासणीचा विषयच आहे.

तिसरी गरज म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेली किंवा नुकतीच पूर्ण झालेली कामं. नवी पद्धत लिहून काढली आणि पुढच्याच महिन्यात तपासणी ठेवली, तर दाखवायला काही नसतं. नियोजनापासून सुपूर्त करण्यापर्यंत किमान एक फेरी तरी त्या पद्धतीने पूर्ण झालेली असली पाहिजे.

कागदपत्रं, म्हणजेच पुरावे

या भागाबद्दल गैरसमज सर्वाधिक आहेत, म्हणून जरा सविस्तर.

मूल्यमापनात दोन प्रकारचे पुरावे चालतात. एक म्हणजे कामातून तयार झालेल्या वस्तू: कागद, फाइल, सॉफ्टवेअरमधली नोंद, ईमेल, आलेख. दुसरा म्हणजे काम करणाऱ्यांचं तोंडी किंवा लेखी म्हणणं. पथक दोन्ही जुळवून पाहतं. फाइलमध्ये एक आणि कर्मचारी सांगतो दुसरंच, असं झालं की प्रश्न सुरू होतात.

संस्थेच्या पातळीवर प्रक्रियांचं लेखी वर्णन, प्रोजेक्टनुसार ते कसं बेतायचं याचे नियम, प्रशिक्षणाचं नियोजन आणि हजेरी, मोजमापांचा साठा, अंतर्गत क्वालिटी ऑडिटचे अहवाल आणि त्यावर झालेली कार्यवाही लागते. धोरणं लिहिलेली असावीत आणि वरिष्ठांनी घेतलेल्या आढाव्यांची इतिवृत्तंही.

प्रोजेक्टच्या पातळीवर आवश्यकतांची यादी आणि तिच्यात झालेले बदल, अंदाज कशाच्या आधारे बांधला याची नोंद, वेळापत्रक, जोखमींची यादी, प्रगतीच्या बैठकींचे मुद्दे, सहकाऱ्यांनी केलेल्या रिव्ह्यूचे शेरे, चाचण्यांचे निकाल, व्हर्जन नियंत्रणाच्या नोंदी आणि मोठे निर्णय कोणते पर्याय तपासून घेतले याचा हिशेब पाहिला जातो. कामाचा काही भाग बाहेरून करून घेत असाल तर पुरवठादाराशी केलेला करार आणि त्याच्या कामावर ठेवलेली देखरेख दाखवावी लागते. सेवा देणाऱ्या संस्थेत तक्रारी किंवा घटना कशा हाताळल्या आणि सेवा खंडित होऊ नये म्हणून काय तयारी आहे, हे विचारलं जातं.

यातली कोणतीही गोष्ट ठरावीक नमुन्यातच हवी, असं नाही. तुमचं काम एखाद्या टिकेट ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये चालत असेल तर तिथलीच नोंद पुरावा आहे, तिची छापील प्रत काढून फाइल भरायची गरज नाही. अनेक संस्था तपासणीच्या आधी रात्रंदिवस बसून कागद तयार करतात. यात लोकांचा जीव जातो, प्रोजेक्ट मागे पडतात आणि अनुभवी अप्रेझरला, म्हणजे मूल्यमापन करणाऱ्याला, ते लगेच ओळखू येतं. जोखमींच्या यादीतल्या सगळ्या नोंदी एकाच आठवड्यातल्या असतील, किंवा सहा महिन्यांच्या इतिवृत्तांची भाषा अक्षरशः सारखी असेल, तर त्यातून काय निष्कर्ष निघतो ते सांगायला नको. नवे कागद जन्माला घालण्यापेक्षा आहेत त्या नोंदी नीट राहतील अशी सवय लावा. मॉडेललाही तेच अपेक्षित आहे.

प्रक्रिया कशी चालते

पहिला टप्पा तयारीचा. इसाकाने प्रमाणित केलेल्या लीड अप्रेझरशी, म्हणजे तपासणी पथकाच्या प्रमुखाशी, करार करायचा. पातळी ४ आणि ५ साठी उच्च परिपक्वतेची खास पात्रता असलेलाच अप्रेझर लागतो, हे करार करतानाच विचारून घ्या. लीड अप्रेझर अधिकृत ऑनलाइन प्रणालीत मूल्यमापनाची नोंद करतो. ‘अर्ज’ म्हणायचं तर हाच. व्याप्ती, प्रोजेक्टची यादी, पथक, वेळापत्रक हे सगळं आराखड्यात येतं.

कोणते प्रोजेक्ट तपासायचे हे आता संस्था ठरवत नाही. तुम्ही पूर्ण यादी द्यायची, त्यातून प्रणाली यादृच्छिक पद्धतीने नमुना काढते. आवृत्ती २.० मधला हा बदल मला मनापासून पटतो. आधी दोन-चार ‘आदर्श’ प्रोजेक्ट सजवून पुढे करण्याची सवय लागली होती, तिला यामुळे चाप बसला. यादीतून एखादा अवघड प्रोजेक्ट वगळण्याचा मोह टाळा, यादी खरी असल्याची जबाबदारी तुमचीच असते.

पथकात लीड अप्रेझर धरून किमान चार जण असतात. त्यात संस्थेतलेही लोक असू शकतात, पण त्यांनी ठरावीक प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं आणि ज्या कामाची तपासणी होणार आहे त्याची सूत्रं त्यांच्या हाती नसावीत. स्पॉन्सरही पथकात बसत नाही. घरच्या माणसांना पथकात घेण्याचा एक मोठा फायदा आहे: तपासणी संपल्यावर कुठे काय कमी पडतं, हे संस्थेत कुणालातरी आतून माहीत असतं.

मुख्य तपासणीच्या आधी गॅप अ‍ॅनालिसिस किंवा ‘इव्हॅल्युएशन’ प्रकारचं मूल्यमापन करून घ्यावं. यात रेटिंग मिळत नाही, उणिवा मात्र स्पष्ट कळतात. पहिल्यांदाच जात असाल तर हा खर्च वाचवू नका.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष तपासणीचा. पथक पुरावे वाचतं आणि गटागटाने मुलाखती घेतं. कोण काय बोललं हे अहवालात नावानिशी येत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांना उत्तरं पाठ करून घेऊ नका. ‘तुम्ही काम कसं करता ते सांगा’ एवढंच विचारलं जाणार आहे, आणि आपलं रोजचं काम सांगायला कुणाला तालीम लागत नाही. प्रत्येक अपेक्षा पूर्ण, बहुतांशी, अंशतः पूर्ण झाली की झालीच नाही, असा निर्णय पथक एकमताने घेतं. प्राथमिक निष्कर्ष संस्थेतल्या लोकांसमोर मांडले जातात. राहिलेला पुरावा द्यायची, चुकीचं समजलं गेलं असेल तर ते दुरुस्त करायची संधी हीच, ती गमावू नका.

शेवटी अंतिम निष्कर्ष स्पॉन्सरपुढे सादर होतात आणि अहवाल इसाकाकडे जातो. तिथे गुणवत्तेची छाननी झाल्यावरच निकाल पक्का होतो. म्हणून शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणावरून लगेच जाहिरात करू नये.

मुदत आणि पुढचं

पूर्ण, म्हणजे बेंचमार्क मूल्यमापनाचा निकाल ३ वर्षं चालतो. त्यानंतर पात्र संस्थांना ‘सस्टेनमेंट’ हा कमी व्याप्तीचा पर्याय आहे, त्याची मुदत २ वर्षं. थोडक्यात हुकलेल्या संस्थेला उणिवा भरून काढून मर्यादित काळात पुन्हा तपासणी करून घेण्याची सोयही आहे. सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

इतर उद्योगांसाठी

सगळ्यांना सीएमएमआयच लागतं असं नाही. वाहनांसाठी सॉफ्टवेअर किंवा इलेक्ट्रॉनिक प्रणाली बनवत असाल तर ग्राहक बहुधा ‘ऑटोमोटिव्ह स्पाइस’ मागतो. त्यात प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्रपणे ० ते ५ अशी पातळी दिली जाते आणि पूर्तता टक्क्यांत मोजतात: ८५ टक्क्यांच्या वर असेल तर ‘पूर्ण’, ५० च्या वर ते ८५ पर्यंत ‘बहुतांशी’. एखादी पातळी मिळवायची तर तिच्या खालच्या सगळ्या पातळ्यांचे निकष ‘पूर्ण’ हवेत. चाचण्यांचंच काम करणाऱ्यांसाठी टीएमएमआय हे चाचणीच्या पद्धतीची परिपक्वता मोजणारं मॉडेल आहे. रुग्णालयांत इलेक्ट्रॉनिक नोंदी किती पुढे गेल्या आहेत हे पाहायला ‘हिम्स’ या आरोग्य माहिती तंत्रज्ञानातल्या संघटनेचं ० ते ७ टप्प्यांचं मॉडेल वापरतात. आणि कुणाचं रेटिंग नको, फक्त आपण कुठे आहोत हे समजून घ्यायचं असेल, तर आयएसओ ९००४ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत स्वतःच भरायचं मूल्यमापन दिलेलं आहे. आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र ही मात्र वेगळी गोष्ट. त्यात पातळ्या नसतात, अटी पूर्ण आहेत की नाहीत एवढंच ठरतं.

समोरच्याचं रेटिंग तपासताना

तुम्ही कंत्राट देणाऱ्या बाजूला असाल तर भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहून थांबू नका. प्रसिद्ध झालेल्या निकालांची इसाकाची सार्वजनिक यादी ऑनलाइन आहे. तिथे नोंद सापडली नाही तर संस्थेकडे ‘अप्रेझल डिस्क्लोजर स्टेटमेंट’ मागा. त्यात तपासलेला विभाग, ठिकाणं, मॉडेलची आवृत्ती, मिळालेली पातळी आणि लीड अप्रेझरचं नाव असतं. तुमचं काम ज्या विभागात आणि ज्या ठिकाणी होणार आहे, त्याचा उल्लेख त्यात आहे ना, आणि मुदत करार संपेपर्यंत पुरते ना, एवढं सही करण्याआधी जुळवून घ्या.