पावसाळी शेतीशाळा

खरीप हंगामात गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या रानात, उभ्या पिकासमोर, गटाने पेरणीच्या तयारीपासून काढणीपर्यंत शिकण्याची पद्धत म्हणजे शेतीशाळा. गटात साधारण २५ ते ३० शेतकरी असतात. ठरावीक दिवसांनी ते बांधावर जमतात. कृषी सहाय्यक किंवा प्रशिक्षक सोबत असतो, पण त्याने उत्तरे सांगत सुटायचे नसते. शेतात जे दिसते ते लोकांकडून वदवून घेणे हे त्याचे काम. ज्याच्या रानात शाळा भरते तो ‘यजमान शेतकरी’. त्याच्या एका तुकड्यात नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पीक घेतात, तर शेजारच्या तुकड्यात गटाने ठरवलेल्या पद्धतीने. दोन्ही तुकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर वाढतात.

या पद्धतीचा उगम भातशेतीत आहे. १९८०च्या दशकात इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची मोठी हानी केली. फवारण्या वाढल्या तसे तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मेले आणि तुडतुडे आणखी माजले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली. नुसत्या बंदीने भागणार नव्हते. फवारणी केव्हा टाळायची हे शेतकऱ्याला स्वतः ओळखता यायला हवे होते. त्यासाठी १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तिथे पहिल्या शेतीशाळा सुरू झाल्या. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यानंतर कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या जोडीने शेतीशाळाही गावोगाव गेल्या.

पहिला वर्ग पाऊस पडायच्या आधीच भरतो. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि आठवड्याने मोड मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६५ उगवले तर सव्वादोन-अडीच किलो जास्त लागते. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, गरज असल्यास त्यानंतर कीटकनाशक आणि अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर, जिवाणू संवर्धक (हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू) हा क्रम असतो. तो उलटला तर जिवाणू वाया जातात. सोयाबीनचे टरफल पातळ असते, म्हणून बियाणे हलक्या हाताने चोळावे लागते. हे कितीही वेळा सांगितले तरी हातांना कळत नाही. एकदा सोललेले दाणे तळहातावर आले की पुढे सांगावे लागत नाही.

खरिपातला खरा कसोटीचा धडा म्हणजे थांबणे. मृगाचा पहिला सडाका आला की शेजाऱ्याची तिफण निघते आणि आपला जीव राहत नाही. शेतीशाळेत पर्जन्यमापक असतो. रोजचा पाऊस वहीत लिहिला जातो. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, हा हिशेब बांधावरच मांडतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नये, ही शिफारस आहे. त्याआधी पेरले आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी कपाळी येते. पाऊस जास्त झाला तरी थांबावेच लागते, कारण काळ्या रानात वाफसा (चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी मातीची अवस्था) आल्याशिवाय औत घालता येत नाही. बी ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, वर जोराची सर येऊन मातीची पपडी धरली, की कोंब आतच मान मोडून पडतो.

पाणी अंगावर येते आणि पाठही फिरवते, म्हणून बऱ्याच शाळांमध्ये रुंद वरंबा-सरीचा, म्हणजे उंच रुंद पट्ट्यावर पीक आणि दोन्ही कडेला चर असा, एक तुकडा ठेवतात. झड लागली की जादा पाणी सरीतून निघून जाते. पावसाचा खंड पडला की त्याच सरीत मुरलेली ओल कामी येते. खंडाच्या काळात कोळपे फिरवून भेगा बुजवतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे म्हणणे जुनेच आहे. शाळेत कोळपलेला आणि न कोळपलेला पट्टा शेजारी ठेवून, दोन्हीकडची माती मुठीत दाबून बघता येते.

पीक उभे राहिले की निरीक्षण, चित्रीकरण आणि सादरीकरण हा वर्गाचा गाभा. पाच-सहा जणांची टोळी सकाळच्या ओलसर पानांतून फिरते, ठरलेली झाडे तपासते, किडी आणि मित्रकीटक मोजते. मग मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढते. एका बाजूला शत्रुकिडी, दुसऱ्या बाजूला ढालकिडे, कोळी, चतुर, कडेला पाऊस आणि ओल. साधारण चाळिसाव्या दिवशी सोयाबीनचे एक झाड मुळासकट अलगद उपटून मुळांवरच्या गाठी नखाने कापतात. आतून गुलाबी निघाली तर ती गाठ हवेतला नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. सोयाबीनवरची कीड असलेला चक्रीभुंगाही असाच झाड बघून ओळखतात. मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर खाचा पाडते, त्यांच्यामध्ये अंडे घालते आणि वरचा भाग सुकतो. सुकलेला शेंडा खाचेच्या खालून खुडून नष्ट केला की आतली अळीही जाते.

पाने कापण्याचा प्रयोग मात्र कुठल्याच शाळेने वगळू नये. काही कोवळ्या झाडांची पाने कात्रीने मुद्दाम छाटतात आणि काढणीला शेंगा मोजतात. सुरुवातीची बरीच छाटणी झाड भरून काढते. तेवढीच छाटणी फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना झाली तर नुकसान होते. अळी दिसली की पंप पाठीवर घेण्याची सवय या प्रयोगानंतर जितकी सुटते तितकी पत्रकांनी सुटत नाही. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी आली, म्हणजे आता उपाय न केल्यास नुकसान उपायाच्या खर्चावर जाईल, असे धरतात.

या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका म्हणजे शाळेची सभा होणे. भाषण, फलक, छायाचित्र आणि पांगापांग. हंगामात एक-दोनदा भेटून शेतीशाळा होत नाही, कारण पीक दर आठवड्याला बदलते. दुसरी उणीव वेळेची. निंदण-खुरपण बायका करतात, पहिली अळी बहुधा त्यांनाच दिसते, आणि वर्ग भरतो तेव्हा त्या मजुरीवर असतात. महिलांच्या वेगळ्या शेतीशाळा भरतात तिथे नोंदी अधिक बारीक होतात. त्या वाढायला हव्यात.

शेवटचा वर्ग काढणीचा. दोन्ही तुकड्यांत सारख्या मापाचे चौकोन आखून पीक कापतात, झोडतात, तोलतात आणि खर्चाची वही उघडतात. उतारा सारखाच आला, पण एका बाजूला दोन फवारण्या वाचल्या, असेही निघते, आणि त्याची नोंद तशीच करायची असते. परतीचा पाऊस रेंगाळला तर शेंगेतच दाण्याला मोड येतात. त्यामुळे बियाण्यासाठी राखलेली ओळ आधी काढून, वाळवून, पोती न आपटता ठेवतात. पुढच्या मे महिन्यात गोणपाटावर मांडायचे १०० दाणे त्यातलेच असतात.