क्रांतिकाळातील शासकीय हिंसा

उठाव किंवा क्रांती चालू असताना शासन गोळीबार, धरपकड, झटपट खटले आणि फाशी या मार्गांनी जे बळ वापरते, त्याला शासकीय हिंसा म्हणतात. तिचे समर्थन करता येते का, हा राज्यशास्त्रातला जुना वाद. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या मते अराजक कोणत्याही राजवटीपेक्षा वाईट, म्हणून ते मोडणारे बळ क्षम्य. त्याच्यानंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ लॉक उलट सांगतो: विश्वासघात करून प्रजेवर बळ उगारणारा राज्यकर्ताच खरा बंडखोर. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९१९ मध्ये वैध बळाच्या मक्तेदारीवरून राज्याची व्याख्या केली: बळ वापरण्याचा वैध हक्क फक्त ज्याच्याकडे, ते राज्य. गोळीबाराच्या समर्थनार्थ ती वारंवार पुढे केली जाते. मात्र बळ वैध केव्हा ठरते, हा प्रश्न तिने सुटत नाही. क्रांतीतून आलेली शासनेही याला अपवाद नाहीत. फेब्रुवारी १७९४ मध्ये दहशत म्हणजे तत्पर न्याय असे सांगणारा फ्रेंच क्रांतीचा नेता रोबेस्पिएर त्याच वर्षी जुलैत गिलोटिनखाली गेला.

समर्थनाचा मुख्य आधार ‘दुसरा इलाज नव्हता’ हा असतो. खानदेशचा इतिहास त्याची चांगली परीक्षा घेतो. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांनी उठाव केले. सैन्याच्या तुकड्या धाडूनही उठाव शमेनात. तेव्हा १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेऱ्या, स्थापन झाल्या आणि जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली. नाईकांना, म्हणजे भिल्लांच्या प्रमुखांना, घाट राखण्याचे काम व त्याचा मोबदला मिळू लागला. यामागे दयाबुद्धी होती असे मानायचे कारण नाही. पण दुसरा इलाज होता, एवढे यातून सिद्ध होते.

तरी १८५७ च्या उठावात हा इलाज बाजूला पडला. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक बंडात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणीला त्याच्या भिल्लांची व इंग्रज फौजेची लढाई झाली. दोन्हीकडे शस्त्रे होती, त्यामुळे लढाईपुरती शासनाची बाजू निदान मांडता येते. पण पकडलेल्यांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या गेल्या आणि स्त्रियांना कैद केले गेले. हात बांधलेल्या माणसापासून राज्याला कोणता धोका होता, याचे उत्तर हॉब्जकडूनही मिळत नाही.

नंदुरबारचे प्रकरण आणखी उघडे आहे. ‘चले जाव’ आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनुं’ ही तिची घोषणा गुजराती होती. गुजरातच्या सीमेजवळच्या नंदुरबारच्या बाजारपेठेत त्यात नवल नव्हते. पोलिसांच्या गोळीबारात १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हे त्याचे चार साथी मारले गेले. शिरीषकुमारच्या हातात झेंडा होता.

त्या वेळी लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बेकायदा जमाव पांगवण्याचा क्रम ठरलेला होता: आधी पांगण्याचा हुकूम, मग बळ. सैन्य बोलावले तर कमीत कमी बळ व कमीत कमी इजा, असे बंधन होते. त्याच संहितेच्या कलम १३२ नुसार मात्र अशा कारवाईबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नसे. म्हणजे गोळीबार न्याय्य होता की नाही हे कोर्टात विचारण्याची परवानगी गोळीबार करवणाऱ्याकडूनच घ्यावी लागे. मंजुरीची ही अट स्वतंत्र भारताने १९७३ च्या संहितेत ठेवली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे.