शालूच्या कपाटात कापूर ठेवायचा की डांबरगोळी?

लग्नाची गडबड ओसरली की शालू कपाटात जातो, आणि घरातलं कुणीतरी त्याच्या घडीत दोन पांढऱ्या गोळ्या सरकवतं. कापूर आहे की डांबरगोळी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "एकच की ते!"

एकच नाही. दोन्ही पांढरे, दोन्हींना उग्र वास आणि दोन्ही पातळ न होता हवेत उडून जातात, म्हणून घोटाळा होतो. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. दगडी कोळशाच्या डांबरातून ते काढतात, नावही त्यावरूनच. कापूर मुळात झाडाचा. पूजेसाठी दुकानात मिळतो तो मात्र बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो.

ओळखायला वाटीभर पाणी पुरे. कापराचा तुकडा तरंगतो, शिवाय पृष्ठभागावर स्वतःच गरगर फिरतो (लहानपणी हा खेळ कितीदा केला असेल!). डांबरगोळी तळाला बसते. बाथरूमसाठी मिळणाऱ्या काही गोळ्या तिसऱ्याच रसायनाच्या असतात, त्याही बुडतात. मग पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला: डांबरगोळी वर येते, ती तिसरी खालीच राहते.

एवढा खटाटोप कशाला? बाळासाठी. आईच्या किंवा आजीच्या शालूत बाळाला गुंडाळायची बारशाला अनेकांना हौस असते. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाते. कमतरता आहे की नाही, हे बारशापर्यंत बहुतेक घरांत माहीतच नसतं. युरोपीय संघाने 2008 मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्या बंद केल्या. कापूर म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. मुलाने थोडासा गिळला तरी फेफरं येऊ शकतं. पण कपड्यातला त्याचा वास लवकर जातो. म्हणून शालूला माझं मत कापरालाच, तेही मलमलच्या पुरचुंडीत बांधून आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

दोन्ही एकत्र मात्र कधीच नको. नॅफ्थलीन वितळायला 80 अंश लागतात, कापराला 175च्या आसपास. पण दोघं एकमेकांना चिकटले की मिश्रण त्याहून कितीतरी कमी तापमानाला पातळ होतं. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात तेवढी ऊब सहज मिळते. मग घडीवर तेलकट डाग पडतो. आमच्या घरी एका शेल्यावर तो अजून आहे.

दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते. त्यामुळे पुरचुंडी कपड्यांच्या वरच्या बाजूला ठेवायची, तळाशी नाही. जरीला ती टेकू देऊ नये.

आणि जरीचे धागे काळे पडतात ते किड्यामुळे नव्हे. खऱ्या जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, त्यावर कापूर आणि डांबरगोळी दोन्ही निरुपयोगी. तिथे कामाला येतं ते स्वच्छ, कोरडं सुती कापड. प्लास्टिकची पिशवी आतला दमटपणा कोंडते. दर तीनेक महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरतं.

खरं तर गोळीच्या आधी पाळी ड्रायक्लीनची. घाम, अत्तर, सांडलेलं सरबत हे डाग त्या दिवशी दिसतही नाहीत. साखरेचा डाग वर्षभराने पिवळा होऊन वर येतो, आणि कसर लागते तीही अशा मळक्या जागी आधी. ड्रायक्लीनवाल्याला कुठे काय सांडलं ते बोट ठेवून दाखवावं.

वसईत किंवा गोव्यात चर्चमधल्या लग्नाला नवरीच्या डोक्यावर पांढरी जाळी असते, तिचं गणित वेगळं. हल्लीच्या बऱ्याच जाळ्या नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरच्या. कसर ते धागे खात नाही, म्हणून स्वच्छ जाळीला गोळी लागतच नाही. कडेला मणी चिकटवलेले नसतील तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून नुसती बुचकळायची, पिळायची नाही, टॉवेलवर पसरून सुकवायची. आजीकडून आलेली रेशमी जाळी असेल तर घरी पाण्यात घालू नये. तिचा ताठपणा उतरतो आणि ती मऊ चिंधीसारखी लोंबते.