मूल्यांकनकाराची उमेदवारी मोजायची कशी?

सोलापूरच्या पूर्व भागात अशी कितीतरी घरं आहेत, की खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड. घर एकच, पण त्याची किंमत काढायला कायद्याच्या हिशेबात दोन माणसं लागतात: भिंती आणि जागेला एक, मागांना दुसरा. दोघांची नोंदणीही वेगळी.

या नोंदणीचं मूळ करात आहे. १९५७ साली संपत्ती कर आला आणि मालमत्तेचं मोल ठरवणारा माणूस हवा झाला. १९७२च्या दुरुस्तीने कायद्यात ३४एबी हे कलम आलं आणि आयकर खात्याकडे मूल्यांकनकारांची नोंद सुरू झाली. स्थावरासाठी स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी हवी, शिवाय व्यवसायातला अनुभव. लेखी परीक्षा नव्हती. शिकणं व्हायचं ते एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली, टेपचं टोक धरून. जुन्या पेठेतल्या वाड्याची दगडी भिंत दीड-दोन हात जाड. बाहेरून मोजलं तर एक क्षेत्रफळ, आतून मोजलं तर भलतंच. हे टेप धरल्याशिवाय हाताला कळत नाही.

२०१५च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर गेला, पण मूल्यांकनकाराची गरज गेली नाही. २०१६च्या दिवाळखोरी संहितेमुळे बुडीत कंपन्यांच्या मालमत्तेचं मोल ठरवणं हे फार जबाबदारीचं काम झालं. १८ ऑक्टोबर २०१७ला कंपनी कायद्याचं कलम २४७ आणि त्याखालचे नियम लागू झाले. आता पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव (पदव्युत्तरांना ३), मान्यताप्राप्त संघटनेचं सदस्यत्व, तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम आणि नादारी व दिवाळखोरी मंडळाची परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात.

परीक्षा आली हे चांगलंच झालं. पण अमेरिकेत परवान्यासाठी नुसती वर्षं मोजत नाहीत. तिथे शिकाऊ मूल्यांकनकाराने पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास नोंदवहीत लिहायचे आणि पर्यवेक्षकाने त्याखाली सही करायची. निवासी मालमत्तेच्या परवान्याला असे किमान १,००० तास लागतात. आपण अनुभवाची वर्षं मागतो. त्या वर्षांत पोरगं किती वाड्यांत शिरलं आणि त्याच्या हातात टेप कुणी दिली, हे आपल्या नोंदणीच्या अर्जातही यायला हवं.