फिटची गोळी नागिणीच्या दुखण्याला कशी लागू पडली

नागिणीचे फोड सुकून दोन महिने झाले, तरी बरगडीखालची आग जात नाही. अशा वेळी चिठ्ठीवर गॅबापेंटिन ३०० येतं. मग पुण्यात सदाशिव पेठेत काय नि हडपसरला काय, औषधाच्या दुकानात ठरलेला प्रश्न येतो: "हे तर फिटचं औषध ना? मला कुठे फिट येतात?" शंका रास्त आहे.

फिटच्या औषधांचं दुखण्याशी नातं जुनं आहे. १९३८ साली बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम या डॉक्टरांनी फेनिटॉइन या औषधाचा आकडीवरचा गुण जाहीर केला. त्याआधी त्यांनी ते मांजरांना विजेचे झटके देऊन तपासलं होतं. १९४२ मध्ये फ्रान्समध्ये तेच औषध चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या कळांवर वापरलं गेलं. ते का लागू पडावं, याचा माग १९५७ मध्ये एस्प्लिन या संशोधकांना मांजराच्या मज्जारज्जूत लागला. सुटा संदेश जवळपास पूर्वीसारखाच पोहोचत होता. पण नसेला भराभर ठोके दिल्यावर पुढचा प्रतिसाद जो फुगतो, तो फुगवटा मावळला. पुढे उलगडा झाला. नसेच्या पेशीत संदेश पेटवणारी सोडियमची वाहिनी, म्हणजे सोडियम आत सोडणारं दार, एकदा उघडून मिटली की औषध तिला मिटलेलीच धरून ठेवतं. सावकाश चालणाऱ्या पेशीला त्याचं फारसं काही वाटत नाही, धडाधड पेटणारी मात्र थंडावते. फिटचं दुसरं औषध कार्बामाझेपिन, तेही याच जातीचं.

गॅबापेंटिनची गंमत वेगळी. संदेश शमवणाऱ्या गॅबा या रसायनाची नक्कल म्हणून ते घडवलं, पण ते गॅबाच्या जागी बसतच नाही! ते चिकटतं कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा भागाला, हे १९९६ मध्ये कळलं. नस दुखावली की मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे वेदनेचा संदेश जिथे येऊन पोहोचतो तिथे, हा भाग वाढतो आणि संदेश चेतवणारं ग्लुटामेट हे रसायन जास्त सुटतं. गोळी ते सुटणं आवरते. अमेरिकेत तिला १९९३ मध्ये फिटसाठी आणि २००२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी परवानगी मिळाली.

घोळ होतो तो मात्रेत. आतड्यातून ती ओढून घेणारी यंत्रणा मर्यादित असते. दिवसाच्या ९०० मिलिग्रॅमपैकी सुमारे ६० टक्के रक्तात उतरतं, ३६०० पैकी जेमतेम ३३ टक्के. म्हणून दिवसाची मात्रा तीन वेळांत वाटतात. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेतलं असेल, तर मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. गोळी लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे जुन्या मधुमेहात मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन न बघता मात्रा चढवली की म्हातारं माणूस झोपाळतं, तोल जाऊन पडतं. आणि आग थांबली म्हणून गोळी एकदम सोडायची नाही. डॉक्टरांना विचारून निदान आठवडाभरात उतरवत न्यायची, आयुष्यात कधी फिट आली नसली तरी.