दगडाचा पूल आणि दगड लावलेला पूल

अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये मर्सेड नदीवर काही देखणे पूल आहेत. १९२८ सालचा अवाहनी पूल, १९३३ सालचा स्टोनमन पूल. ग्रॅनाइटचे मोठमोठे ओबडधोबड दगड, डौलदार कमानी, दगडीच कठडे. फोटो पाहून कुणीही म्हणेल, जुना दगडी पूल आहे. पण या पुलांचा भार दगडांवर नाही. आत सळ्या घातलेलं काँक्रीट आहे, दगड फक्त दर्शनी बाजूंना चढवलेला आहे.

खराखुरा दगडी पूल पाहायचा तर मेरीलँडमध्ये जावं. तिथल्या अँटिएटमच्या रणभूमीत १८३६ साली बांधलेला तीन कमानींचा बर्नसाइड पूल आहे. यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मध्ये, याच पुलासाठी मोठी लढाई झाली. आज दोन्ही ठिकाणं नॅशनल पार्क सर्व्हिसच्याच ताब्यात आहेत, त्यामुळे गफलत आणखी वाढते.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून दगडी कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड असे रचतात की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरेल. काम चालू असताना खाली लाकडी आधार लागतो. शेवटी माथ्यावरचा कळीचा दगड बसला की तो आधार काढतात आणि कमान स्वतःच्या वजनाने घट्ट होते. ती दोन्ही बाजूंना रेटा देते, तो पेलायला टोकांना भक्कम बांधकाम हवं. या तंत्राची झेप पाहायची असेल तर वॉशिंग्टनजवळचा, १८६४ मध्ये पूर्ण झालेला कॅबिन जॉन पूल बघा. एकच कमान, २२० फुटांची, निव्वळ दगडी.

दगड लावलेल्या पुलातही कमानीच्या कडेला पाचरीसारखे दगड दिसतात, त्यांच्यात कळीचा दगडही असतो. पण हे सगळे दगड काढून टाकले तरी आतली काँक्रीटची कमान उभी राहील. बर्नसाइडच्या कमानीतले दगड काढले तर पूलच उरणार नाही.

ओळखायचं कसं? कठड्यावरून काही कळत नाही. पाणी कमी असताना कमानीखाली जाऊन वर पाहायचं. दगडी पुलात बाहेर दिसणारे सांधे पोटातूनही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले दिसतात. दगड लावलेल्या पुलाचं पोट बहुतेक वेळा सपाट, करडं असतं, आणि नीट पाहिलं तर त्यावर सेंटरिंगच्या फळ्यांच्या रेषा उमटलेल्या असतात. मला ही जागा नेहमी सगळ्यात बोलकी वाटते, कारण तिथे पूल काहीच लपवत नाही.

मग दगड लावायचाच कशाला? १९२६ मध्ये पार्क सर्व्हिस आणि सरकारच्या रस्तेबांधणी खात्यात करार झाला. मोटारी पेलणारा पूल इंजिनिअरांनी आखायचा आणि तो डोंगर-नदीत शोभतोय का, हे पार्कच्या निसर्गरचनाकारांनी पाहायचं. शक्यतो आसपासच्या खडकाशी जुळणारा दगड घ्यायचा, रांगा फार सरळ येऊ द्यायच्या नाहीत, ऊनपावसाने रापलेली बाजू बाहेर ठेवायची. ही कल्पना त्याआधीचीच. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमधला १९०२ सालचा बोल्डर ब्रिजही काँक्रीटचाच, वर अवाढव्य गोटे बसवलेले. आणि कारण केवळ मोटारींचं नव्हतं. मेन राज्यातल्या अकेडिया पार्कमध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी खास घोडागाड्यांसाठी रस्ते बांधवले, तिथे मोटारींना बंदी होती, तरी त्यांवरच्या पुलांच्या आत काँक्रीटच आहे.

म्हणून या पुलांना ‘नकली’ म्हणणं मला पटत नाही. दगड निवडून, घडवून, हाताने बसवणाऱ्या गवंड्यांचं कसब यात पुरेपूर आहे.

फरक खरा महत्त्वाचा ठरतो तो दुरुस्तीत. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी पुलाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भरायला हव्यात. कडक सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते आणि सांध्याऐवजी दगडच झिजू लागतो. दगड लावलेल्या पुलाचं दुखणं निराळं. पाणी दगड आणि काँक्रीटच्या मधे शिरतं, थंडीत गोठून फुगतं, दगड पुढे ढकलले जातात, आणि पाणी सळ्यांपर्यंत पोचलं तर गंज धरतो. पोटावर पांढरे ओघळ किंवा तांबूस डाग दिसले की बाहेरच्या दरजा भरून भागत नाही. वरचा रस्ता उकरून पाणी कुठून मुरतंय ते शोधावं लागतं.

योसेमिटीच्या खोऱ्यातले आठ पूल १९७७ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले. पुढे मर्सेडचा प्रवाह मोकळा करण्यासाठी त्यातले काही पाडण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा २०१२ मध्ये हे पूल देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा वारसास्थळांच्या यादीतही आले. नदीची बाजू मला खोटी वाटत नाही. पण ‘आत काँक्रीटच तर आहे’ हे पूल पाडायचं कारण होऊ नये, कारण नोंद झाली तेव्हाही आत काँक्रीटच होतं.